जुन्या मारुती ८०० साठी शॉर्ट शिफ्टर: मकरपुऱ्यातल्या ४० किटचं प्रकरण

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या बोळांत ही गाडी अजून टिकून आहे, कारण त्या बोळांत दुसरी गाडी वळतच नाही. अशा गाडीत बसून न्यूट्रलमध्ये गिअरचा दांडा हलवला की तो डावीकडून उजवीकडे बराच नुसताच फिरतो. दुसरा शोधताना चौथा सापडतो. चालवणाऱ्याला वाटतं, दांडा लांब आहे म्हणून असं होतं.

याच समजुतीतून वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या टर्निंग-मिलिंगच्या शेडकडे ४० शॉर्ट शिफ्टर किटचं, म्हणजे गिअरच्या दांड्याची चाल आखूड करणाऱ्या जोडणीचं, काम आलं. मागणी तीन ओळींची होती. दांड्याची पुढे-मागे हालचाल एक तृतीयांशाने कमी व्हावी. गाडीत काहीही न कापता, वेल्डिंग न करता किट बसावं. आणि उद्या नको वाटलं तर मूळ दांडा जसाच्या तसा परत लागावा. तिसरी अट बहुतेक लोक विसरतात, पण जुन्या गाडीत तीच महत्त्वाची. पत्रा एकदा कापला की गंज तिथूनच सुरू होतो.

आधी ढिलाई मोजली

या गाडीत इंजिन आडवं, पुढे बसलेलं. दांड्याच्या मध्यावर गोळा, तो वाटीत बसतो. दांड्याचं खालचं टोक बोल्टने एका लांब रॉडला जोडलेलं, आणि तो रॉड पुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टला जॉइंटने जोडलेला. दांडा पुढे-मागे केला की रॉड सरकतो आणि गिअर पडतो. दांडा आडवा कलला की रॉड स्वतःभोवती फिरतो आणि गल्ली, म्हणजे पहिला-दुसरा की तिसरा-चौथा ही जोडी, निवडली जाते. याखेरीज दुसरा एक रॉड असतो, एक्स्टेन्शन रॉड. त्याचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या बॉडीला आणि मागचं टोक दांड्याच्या हाउसिंगला, म्हणजे वाटी धरणाऱ्या घराला. त्याचं काम वरवर पाहणाऱ्याला कळत नाही. पहिला घोटाळा तिथेच झाला, तो पुढे येईल.

नमुन्याच्या गाडीवर गोळ्याच्या मध्यापासून नॉबपर्यंत (वरच्या मुठीपर्यंत) २६० मि.मी. आणि खाली बोल्टपर्यंत ३८ मि.मी. मोजले. म्हणजे गुणोत्तर ६.८. रॉड पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत २० मि.मी. सरकतो, म्हणून नॉब १३७ मि.मी. फिरतो.

हेच गुणोत्तर ढिलाईलाही लागू पडतं. खालच्या बोल्टचे बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजून ०.८ मि.मी. प्ले आला असेल तर नॉबवर तो साडेपाच मि.मी. दिसतो, आणि तेवढा चालून जातो. खरा चोर पुढचा जॉइंट. तिथे पिनचा प्ले शाफ्टच्या मध्यापासून १० मि.मी. अंतरावर असतो. अर्धा मि.मी. झीज झाली की रॉड जवळपास ३ अंश रिकामा फिरतो, आणि २६० मि.मी. वर नॉबपाशी त्याचे १३ मि.मी. होतात. आडवी ढिलाई इथून येते, दांड्याच्या लांबीतून नाही. नवा छोटा दांडा लावून जुना जॉइंट तसाच ठेवला तर पैसे वाया.

म्हणून किटमध्ये पुढच्या जॉइंटचे बुश आणि पिन घालायचं ठरलं, जरी मागणीत त्यांचं नाव नव्हतं.

गुणोत्तर कुठे थांबवायचं

खालचा हात ३८ वरून ५० मि.मी. केला. बोल्ट खाली नेता येत नाही, कारण खाली सायलेन्सर पाइपचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) आहे. त्यामुळे गोळाच १२ मि.मी. वर उचलला. वरची बाजू २३० मि.मी. ठेवली. नॉब मूळ जागेपेक्षा १८ मि.मी. खाली आला. गुणोत्तर ४.६, नॉबची चाल १३७ वरून ९२ मि.मी. म्हणजे बरोबर एक तृतीयांश कमी.

याची किंमत हाताला मोजावी लागते. त्याच कामाला नॉबवर दीडपट जोर लागतो. आधी स्प्रिंगकाट्याने २ किलोला पडणारा गिअर आता ३ किलोला पडतो. गुणोत्तर ४ च्या खाली नेण्याचा आग्रह एकाने धरला होता, तो मान्य केला नाही. सिंक्रोनायझरची पितळी रिंग वेग जुळवायला जेवढा वेळ घेते तेवढाच घेते, दांडा छोटा असो वा मोठा. चाल फार छोटी केली की हात घाई करतो, रिंग भरडली जाते आणि वर्षभरात दुसरा गिअर खरखरायला लागतो. मग शिफ्टर बनवणाऱ्यालाच शिव्या मिळतात.

आणखी एक गोष्ट गणितात दिसली, जी ग्राहकाला आधीच सांगून ठेवली. आडव्या चालीत रॉड दांड्याच्या कोनाएवढाच फिरतो, खालच्या हाताच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे आडवी चाल फक्त वरची लांबी कमी झाली तेवढीच, म्हणजे साधारण १२ टक्के, कमी होते. पुढे-मागची चाल आखूड आणि आडवी जवळपास पूर्वीएवढीच, असा तो दांडा हाताला थोडा विचित्र लागतो. सवय व्हायला दोन-तीन दिवस जातात. शिवाय दांडा ८ अंश कलला की रॉडचं मागचं टोक पूर्वी ५.३ मि.मी. बाजूला जायचं, आता ७ मि.मी. जातं. टनेलच्या (गाडीच्या तळातल्या मधल्या उंचवट्याच्या) काठाला घासतंय का, हे प्रत्येक गाडीत चिखल खरवडून बघावं लागतं.

दांडा आणि गोळा

पहिल्या नमुन्यात बेअरिंगचा २५ मि.मी. चा तयार गोळा घेतला. तो मऊ करून भोक पाडलं आणि दांड्यावर वेल्ड केला. कल्पना स्वस्त होती. वेल्ड दिसायलाही छान होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेने केसासारखा तडा गेला. बेअरिंगचं स्टील म्हणजे एन-३१, जवळपास एक टक्का कार्बन. वेल्डच्या बाजूला ते काचेसारखं ठिसूळ होतं. टर्नरने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "शेठ, हा गोळा वेल्ड मागत नाही." ऐकलं नाही.

मग गोळा एन-८ स्टीलच्या २८ मि.मी. बारमधून वळवला, १४ मि.मी. चं भोक रिम केलं आणि तो दांड्यावर सरकवून ४ मि.मी. ची रोल पिन आणि लॉकटाइट ६३८ या धातूच्या गोंदाने पक्का केला. गोळा कडक करायची गरज नाही. तो प्लास्टिकच्या वाटीत फिरणार आहे, तिथे कडकपणापेक्षा गुळगुळीतपणा जास्त लागतो. लेथवरच बारीक पॉलिश पेपर आणि मग बफ.

पिनचं भोक कोणत्या दिशेला हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण दांड्याची ताकद त्यावर ठरते. दांडा सगळ्यात जास्त वाकतो तो गोळ्यापाशीच. घाईत माणूस नॉबवर ४० किलोचा झटका देऊ शकतो. २३० मि.मी. अंतरावर त्याचा १४ मि.मी. च्या दांड्यातला ताण ३३५ मेगापास्कलच्या आसपास येतो. कोल्ड ड्रॉन एन-८ तेवढा सहज पेलतो. पण ४ मि.मी. चं भोक पुढून मागे पाडलं तर दांड्याची त्या जागेची वाकण्याची ताकद जवळपास निम्मी होते. तेच भोक डावीकडून उजवीकडे पाडलं तर चार टक्के कमी होते, कारण पुढे-मागे वाकताना दांड्याच्या मधल्या रेषेत ताण नसतोच. म्हणून पिन नेहमी आडवी. ड्रिलिंग जिगमध्ये (भोक पाडताना दांडा धरणाऱ्या साच्यात) खालच्या बॉसला, म्हणजे बुश बसणाऱ्या आडव्या तुकड्याला, अडकणारी खुंटी ठेवली, म्हणजे चुकीच्या दिशेला भोक पडूच शकत नाही.

खालच्या टोकाला बुशसाठी २० मि.मी. चा माइल्ड स्टीलचा आडवा बॉस वेल्ड करावा लागतो. एन-८ मध्ये ०.४ टक्के कार्बन असतो, म्हणून टोक आधी १५० ते २०० अंशांपर्यंत गरम केलं, कोरड्या रॉडने वेल्ड केलं आणि चुन्याच्या भुकटीत गार होऊ दिलं. पाण्यात बुडवून लवकर गार करायचा मोह आवरला पाहिजे.

हाउसिंग पत्र्याला बांधलं, आणि दुसरा गिअर उडाला

पहिला नमुना दिसायला देखणा व्हावा म्हणून हाउसिंग चार एम-६ बोल्टने थेट टनेलच्या पत्र्याला बसवलं होतं, एक्स्टेन्शन रॉड काढून टाकला. हाताला दांडा एकदम घट्ट लागला. फतेगंज पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, मग सोडला, आणि गिअर आपोआप न्यूट्रलला आला.

कारण सरळ आहे. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं आणि रेस दिली-सोडली की डोलतं. जुन्या, थकलेल्या माउंटवर गिअरबॉक्सचा शाफ्ट ६ ते ८ मि.मी. पुढे-मागे होतो. हाउसिंग पत्र्याला बांधलेलं असेल तर दांडा जागेवर राहतो, गिअरबॉक्स सरकतो, आणि रॉड तो गिअर स्वतःच ओढून काढतो. न्यूट्रलपासून गिअरपर्यंत रॉडची चालच १० मि.मी. आहे, त्यातले ८ असे गेले तर उरतं काय? एक्स्टेन्शन रॉड नेमका यासाठीच असतो. गिअरबॉक्स डोलला की तो हाउसिंगलाही सोबत डोलवतो.

अंतिम डिझाइनमध्ये हाउसिंग मूळ एक्स्टेन्शन रॉडच्याच प्लेटवर, मूळ बोल्टच्या भोकांत बसतं. पत्र्याशी त्याचा संबंध फक्त रबरी बूटचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या आवरणाचा. आणि फिटिंगच्या कागदावर पहिली सूचना ही: इंजिनचे माउंट फाटलेले असतील तर आधी ते बदला, किट नंतर.

वाटी, म्हणजे खरं प्रकरण

गोळा ज्या वाटीत फिरतो ती डेलरिनची, म्हणजे एका कडक, गुळगुळीत प्लास्टिकची, केली. नायलॉन स्वस्त पडलं असतं, पण ते हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, आणि आषाढात ते कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. डेलरिन ओलावा नावापुरताच घेतं. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या खिडक्यांपर्यंत बुडाल्या होत्या. इथे हा विचार करावाच लागतो.

वाटी दोन अर्धुकांची, बाहेरून ३४ मि.मी., आतून २५.०४. गोळा २४.९८ ते २५.००. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये घट्ट बसवून वरून झाकण आवळायचं. जानेवारीत सकाळी शेडमध्ये १८-२० अंशांना जोडलं तेव्हा दांडा लोण्यासारखा फिरला. पहिले १२ किट गेले.

एप्रिलच्या शेवटी पहिली तक्रार आली, मेच्या पहिल्या आठवड्यात आणखी दोन.

"अरे बाबा, सकाळी गिअर पाण्यासारखा पडतो, दुपारी दगड होतो."

"काका, गाडी दुपारी कुठे उभी असते?"

"उन्हात. सूरसागरच्या काठाला सावली कुठून आणू?"

काकांच्या गाडीत दुपारी तीन वाजता, शहरातून वीस मिनिटं फिरवून, हाउसिंगला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलं. ६५ अंश. वरून ऊन, खालून सायलेन्सर पाइप. दांडा बाजूला कलवून सोडला तर स्प्रिंग त्याला परत जागेवर आणू शकत नव्हती.

हिशेब असा. डेलरिन दर अंशाला मीटरमागे सुमारे ११० मायक्रॉन फुगतं, ॲल्युमिनियम २३. फरक ८७, तापमानातली वाढ ४५ अंश. वाटी मोकळी असती तर तिचं आतलं भोकही मोठं झालं असतं आणि काही बिघडलं नसतं. पण तिला बाहेरून हाउसिंगने, वरून झाकणाने, खालून तळाने बंद केलं होतं. फुगलेल्या प्लास्टिकला जायला जागा एकच, गोळ्याकडे. चहूबाजूंनी पूर्ण बंदिस्त धरलं तर व्यासात ०.१ मि.मी. च्या आसपास आत येणं होतं. मोकळीक ठेवली होती ०.०४ ते ०.०६. दांडा आवळला जाणारच होता. जानेवारीत चाचणी घेऊन मेची हमी दिली होती.

पहिला सुचलेला उपाय म्हणजे भोक ०.१५ मि.मी. मोठं करणं. तो चुकीचा. मग डिसेंबरात दांडा खडखडतो, आणि ज्या ढिलाईसाठी किट बनवलं तीच परत येते. वाटीला फुगायला जागा हवी होती, गोळ्याला नव्हे. म्हणून तीन बदल केले. वाटीचं बाहेरचं माप हाउसिंगपेक्षा ०.१५ मि.मी. कमी. दोन्ही अर्धुकांना एका बाजूने २ मि.मी. ची चीर. आणि झाकण व वरच्या अर्धुकाच्या मधे वेव्ह स्प्रिंग (लाटेसारखी वळवलेली चपटी कडी), १० ते १२ किलोचा दाब देणारी, जी आवळल्यावरही ०.६ मि.मी. दबायची शिल्लक राहते. झाकण आता हाउसिंगच्या खांद्यावर टेकतं, त्यामुळे फिटरने बोल्ट कितीही आवळला तरी वाटीवरचा दाब बदलत नाही.

वेव्ह स्प्रिंगच्या जागी ३ मि.मी. ची ओ-रिंग वापरून बघितली होती, ती बरीच स्वस्त. दोन महिने उन्हात दबून राहिल्यावर ती चपटी झाली आणि परत फुलली नाही. रबराचं हे नेहमीचंच.

तपासणीसाठी हाउसिंग वाटीसकट जुन्या ओव्हनमध्ये ७० अंशांना एक तास ठेवायचं, बाहेर काढून लगेच काट्याने दांडा ओढायचा. थंड आणि गरम यांत फरक २०० ग्रॅमच्या आत पाहिजे. हा प्रयोग जानेवारीतही करता आला असता.

बॅच काढताना

४० दांड्यांसाठी १४ मि.मी. चा बार. प्रत्येकी २९५ मि.मी., करवतीचा घास ३ धरला तर सहा मीटरच्या बारमधून बरोबर २० निघतात. दोन बार, ४० दांडे, हिशेब कागदावर सुंदर. प्रत्यक्षात दोन वेल्डमध्ये वाकले आणि एकाचे आटे गेले, म्हणून तिसरा बार मागवावा लागला. वजनाला शेडमधलं नेहमीचं सूत्र: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला १.२१ किलो, दोन बारचे साडेचौदा किलो. गोळ्यांसाठी २८ चा बार सव्वा मीटर पुरला.

नॉबचे आटे मात्र एका गाडीवरून ठरवायचे नाहीत. पुष्कळ गाड्यांत नॉब कधीतरी बाजारातला लागलेला असतो. थ्रेड गेज लावून दोन-तीन मूळ नॉब तपासूनच डाय घेतली.

कामाचा क्रम उलटसुलट झाला की नुकसान ठरलेलं. आधी बॉसचं वेल्डिंग, मग दांडा सरळ करणं, मग गोळ्याच्या जागेवर आणि आट्यांवर सिलिकॉनच्या टोप्या घालून पावडर कोटिंग, मग गोळा आणि पिन, शेवटी बुश. कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांना चालते आणि डेलरिन १७५ ला वितळतं. एका खेपेला बॉसमध्ये डेलरिनचे बुश घालूनच दांडे कोटिंगला गेले होते, परत आले तेव्हा आत पांढरी चिकट गोळी. कोटिंगची जाडी भोकात दोन्ही बाजूंनी धरायची हेही विसरलं जातं. ७० मायक्रॉनच्या थराने १२ चं भोक ११.८६ होतं, मग बुश हातोड्याने ठोकावा लागतो आणि तो जन्मतःच चेपलेला असतो.

खालच्या बोल्टभोवती बुशच्या आत स्टीलची स्लीव्ह आहे. ती दोन्ही बुशच्या एकूण लांबीपेक्षा ०.२ मि.मी. जास्त ठेवली. त्यामुळे एम-८ चा बोल्ट २३ न्यूटन-मीटरने आवळला तरी दाब स्लीव्हवर येतो, बुश मोकळा फिरतो. स्लीव्ह एक केस जरी आखूड झाली तर बुश चिमटला जातो. म्हणून स्लीव्हची लांबी शंभर टक्के मोजली, बाकी भाग दहातून एक. नट नायलॉन घातलेला नको, सायलेन्सरच्या उष्णतेत तो ढिला पडतो. पूर्ण धातूचा लॉकनट.

डेलरिनची वाटी मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजायची नाही. ती तेव्हा गरमही असते आणि कापल्याचा ताणही अजून सुटलेला नसतो. चोवीस तास ट्रेमध्ये ठेवून मग काठीवर बसवलेले दोन गोळे घालून बघायचं. २५.०३ चा आत फिरला पाहिजे, २५.०७ चा अडकला पाहिजे.

फिटिंग

रॅम्प असेल तर पाऊण तासाचं काम, नसेल तर चार स्टँडवर दीड तास. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, सायलेन्सर पूर्ण थंड. पुढच्या जॉइंटची मूळ जागा रंगाने खुणावून ठेवायची. ही खूण चुकली की दांडा न्यूट्रलला कलता उभा राहतो आणि मग लोक दांडाच वाकवतात. आधी पुढचा जॉइंट नव्या बुश-पिनने बांधायचा, मग मागे हाउसिंग. गोळ्याला लिथियम ग्रीस चालतं, पण बूटच्या ओठाला सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसने काही रबरं फुगतात आणि बूट खाचेतून निसटतो. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर पाडून बघायचे, मग इंजिन चालू करून, हँडब्रेक ओढून, क्लच थोडा सोडत इंजिन डोलवून परत एकदा. ५०० कि.मी. नंतर पुढच्या पिनचा नट आणि एम-८ बोल्ट तपासायचा.

ज्या १२ गाड्यांत जुनी वाटी गेली होती त्या सगळ्यांच्या वाट्या आणि झाकणं बदलून दिली. हाउसिंगला हात लावावा लागला नाही. ४० पैकी ३१ किट पूर्ण लागले. उरलेल्या ९ गाड्यांच्या मालकांना आधी फक्त पुढच्या जॉइंटचे बुश बसवून दिले आणि गाडी चालवायला सांगितली. त्यातले सात जण मूळ लांब दांडाच ठेवून खूश आहेत.

आता पुढची बॅच ठरवताना क्रम उलटा केला आहे: बुश-पिनचे १०० सेट, आणि दांडे मागणी आली तरच.